आधी बोर्ड पाहा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११साठी इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २०००पासूनचा प्रोसेसर आणि सोबत टीपीएम २.० लागते. त्यामुळे त्याआधीची यंत्रे आता भंगारात जाणार, असे बाजाराने धरून ठेवले होते. दुकानात मात्र वेगळेच चित्र आहे. नेमके त्याच सुमारास रॅमचे भाव चढले, नवी जुळणी अनेकांच्या आवाक्याबाहेर गेली आणि माळ्यावर टाकलेली कॅबिनेटे पुन्हा आपल्या टेबलावर येऊ लागली. कोणी लिनक्स टाकून मागतो, कोणी आहे त्याच विंडोजवर आणखी वर्ष काढायचे म्हणतो. त्यातल्या बऱ्याच जणांनी येण्याआधी दोन-चार व्हिडिओ पाहिलेले असतात. मग ठरलेले वाक्य येते, "दादा, बोर्ड आहे तोच राहू द्या, प्रोसेसर तेवढा ओव्हरक्लॉक करून द्या."

या मागणीला काय उत्तर द्यावे, असे अनेक वाचक विचारत आहेत. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. जुना प्रोसेसर जरूर पळवावा. पण स्वस्त बोर्डावर तो किती पळवायचा, किंवा पळवायचाच की नाही, हे बोर्डाचा पॉवर सेक्शन पाहून ठरवावे. प्रोसेसरचे नाव आणि त्याची ख्याती यांवरून ठरवू नये. आज नेमके तेच होते आहे.

ही ख्याती खोटी नाही. १९९८ साली आलेल्या सेलेरॉन ३००एने एका पिढीला हा नाद लावला. मल्टिप्लायर ४.५वर कुलूपबंद, बस ६६ मेगाहर्ट्झची. ती बस १०० केली की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५०वर चाले. आतली १२८ केबी कॅशे प्रोसेसरच्याच वेगाने धावत असल्याने तो कितीतरी महाग पेन्टियम-२च्या तोंडाला तोंड देई. पुढे ड्युरॉन आणि थंडरबर्डच्या पाठीवरचे एल१ पूल शिसपेन्सिलीने जोडून मल्टिप्लायर मोकळा करण्याचे दिवस आले. अॅथलॉन एक्सपी २५००+ची बस १६६वरून २०० केली की तो ३२००+च्या वेगाने, म्हणजे २.२ गिगाहर्ट्झवर चालायचा. ज्यांनी हे हाताने केले, त्यांना यंत्राच्या घड्याळाचे गणित कोणत्याही वर्गात बसून कळले नसते इतके नीट कळले. आज चिप लेव्हलची कामे करणारे कितीतरी चांगले हात त्याच नादातून तयार झाले आहेत आणि त्याबद्दल आम्हांला मनापासून आदर आहे.

पण त्या काळाची दोन वैशिष्ट्ये विसरली जातात. सेलेरॉन ३००एची सारी भूक सुमारे २० वॉटची होती. आणि त्याच्यासोबत ज्या अबिट बीएच६चे नाव निघते, तो ४४०बीएक्स चिपसेटचा, त्या काळातला उत्तम बोर्ड होता. प्रोसेसर स्वस्त आणि बोर्ड चांगला, अशी ती जोडी होती. आज आपल्या टेबलावर येते ती जोडी उलटी असते: प्रोसेसर ९५ वॉटचा आणि बोर्ड त्या वर्षीच्या यादीतला सर्वांत स्वस्त.

आकडेमोड करून पाहू. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एफएक्स-६३०० घ्या. मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, ९५ वॉट. मूळ व्होल्टेज सोयीसाठी १.३ धरू. तो ४.२वर नेला आणि स्थिर राहावा म्हणून १.४ व्होल्ट दिले. वेग वाढला २० टक्के. वीज मात्र ९५वरून १३२ वॉटच्या घरात गेली. बोर्डाच्या बाजूने बघा: आधी सुमारे ७३ अँपिअर वाहत होते, आता ९४ वाहतात. चार फेज असतील तर प्रत्येकीवर १८ऐवजी साडेतेवीस. मॉस्फेटच्या रोधामुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती झाली जवळपास पावणेदोन पट. शिवाय मॉस्फेट तापला की त्याचा रोध आणखी वाढतो. वीस टक्के वेगाची ही किंमत सॉकेटच्या कडेला बसलेले नखाएवढे भाग मोजतात. प्रोसेसरवर निदान पंखा असतो. यांच्यावर कित्येक स्वस्त बोर्डांत साधी हीट सिंकही नसते.

एएमडी ७६०जी चिपसेटचा असा एखादा बोर्ड हातात घेऊन बघा. बारा व्होल्टचा चार पिनांचा सॉकेट, त्याच्यापासून प्रोसेसरपर्यंत चौकोनी चोकची रांग, प्रत्येक चोकशेजारी दोन किंवा तीन उघडे मॉस्फेट आणि मधून मधून कॅपॅसिटर. चोक पाच दिसले तर पाच फेज समजू नका. एक बहुधा प्रोसेसरमधल्या नॉर्थब्रिजच्या भागासाठी असतो. आता अशा बोर्डावर एफएक्स-६३०० वाढवून प्राइम९५ लावा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोअरचा वेग बघत बसा. पहिली काही मिनिटे ४.२ दिसेल. मग एकाएकी आकडा १.४वर कोसळेल, क्षणभराने पुन्हा ४.२, पुन्हा १.४. प्रोसेसरचे तापमान तोवर पन्नाशीतच असेल आणि म्हणून कारागीर चक्रावतो, पेस्ट पुन्हा लावतो, कूलर बदलतो. दोष तिथे नसतोच. पॉवर सेक्शन तापला म्हणून बोर्डाने प्रोसेसरला खाली ओढलेले असते. सीपीयू-झेडच्या खिडकीत ४.२ बघून गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि घरी व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लावल्यावर त्याचे यंत्र मूळ वेगापेक्षाही मागे पडते. बोर्डात ही राखणदारी असेल तर एवढ्यावर भागते. ती नसलेले बोर्ड मॉस्फेट जाळून घेतात.

इथे कूलरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण चांगल्या हेतूने बोर्ड मारण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. कंपनीचा मूळ कूलर बोर्डाच्या दिशेने वारा फेकतो. तो वारा प्रोसेसर थंड करून आजूबाजूला पसरतो आणि मॉस्फेटलाही थोडाबहुत लागतो. ओव्हरक्लॉक करायचे म्हणून आपण उंच टॉवर कूलर बसवतो, त्याचा वारा बोर्डाला समांतर वाहतो, आणि नेमक्या भार वाढवण्याच्या दिवशी पॉवर सेक्शनवरचा वारा बंद होतो. प्रोसेसरचे तापमान दहा अंशांनी उतरलेले दिसते आणि मॉस्फेटचे तेवढेच किंवा जास्त चढलेले असते, पण ते कुठे दिसत नाही, कारण अशा बोर्डांवर तिथे सेन्सरच नसतो. टॉवर कूलर लावणार असाल तर सॉकेटच्या वरच्या बाजूला ८० मिलिमीटरचा एखादा जुना पंखा बांधा. मॉस्फेटवर चिकटवायच्या छोट्या अॅल्युमिनियम हीट सिंकही मिळतात. त्या लावताना पिनांना टेकणार नाहीत, एवढे पाहा.

आणि मोजा. मल्टिमीटरसोबत येणारा तापमानाचा वायर-सेन्सर मॉस्फेटच्या पाठीला उष्णतारोधक पट्टीने चिकटवला की काम भागते. इन्फ्रारेड गन वापरत असाल तर चकचकीत धातूवर तिचे रीडिंग चुकते, काळी इन्सुलेशन टेप लावून त्यावर घ्या. बोट लावून अंदाज घेण्याची सवय सोडा. नव्वद आणि एकशे वीस अंश बोटाला सारखेच चटका देतात आणि बोर्डाच्या दृष्टीने त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बोर्ड किती ओझे पेलेल याचा सर्वांत भरवशाचा पुरावा निर्मात्याने स्वतःच दिलेला असतो: त्या बोर्डाची प्रोसेसर सपोर्ट लिस्ट. यादीतला सर्वांत जास्त वॉटचा प्रोसेसर कोणता, ते बघा. बोर्डाचा पॉवर सेक्शन तेवढ्यासाठी बनवला आहे. ७६०जीच्या ज्या बोर्डाची यादी ९५ वॉटवर थांबते, त्यावर एफएक्स-६३०० लावला की बोर्ड पहिल्याच दिवशी शेवटच्या पायरीवर उभा असतो. तिथे वाढवायला काही उरलेलेच नाही आणि गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. ज्याची यादी १२५ वॉटपर्यंत जाते आणि मॉस्फेटवर हीट सिंक आहे, त्यावर तोच प्रोसेसर बेताने वाढवता येतो.

हीच कसोटी लावली की जुन्या एलजीए ७७५ची एक जोडी फार उजवी ठरते. पेन्टियम ई५२००, २००८चा, ४५ नॅनोमीटरचा, आणि जी४१ किंवा बरा जी३१ बोर्ड. प्रोसेसरची कमाल मर्यादा ६५ वॉट आणि प्रत्यक्षातली भूक त्याहून बरीच कमी. यादी मात्र अनेकदा ९५ वॉटच्या कोअर २ क्वाडपर्यंत गेलेली, म्हणजे बोर्डाकडे शिल्लक आहे. मल्टिप्लायर १२.५, बस २००. ती बस २६६ केली की २.५चा प्रोसेसर ३.३३ गिगाहर्ट्झवर जातो, आणि ही २६६ची बस चिपसेटच्या अधिकृत मर्यादेतलीच आहे. बरेच नग मूळ व्होल्टेजवर हे निमूटपणे करतात. व्होल्टेज वाढवले नाही तर प्रोसेसरच्या उष्णतेची वाढ वेगाच्या प्रमाणातच राहते.

यात अडते ते रॅमपाशी. बस २०० असताना रॅम १:२ या प्रमाणात ८००वर चालत असते. प्रमाण तसेच ठेवून बस २६६ केली की रॅमला १०६६चा वेग मिळतो, साधी डीडीआर२-८०० तो घेत नाही आणि डिस्प्ले येत नाही. अननुभवी हात मग व्होल्टेज वाढवतो किंवा प्रोसेसर 'चढत नाही' म्हणून सोडून देतो. प्रमाण ४:५ करा म्हणजे रॅम ६६७वर येईल, किंवा २:३ करून ८००वर ठेवा. पीसीआय एक्स्प्रेसचा वेग बायोसमध्ये दिसत असेल तर 'ऑटो'वर न सोडता १००वर अडकवा. सीएमओएस क्लिअरचा जंपर कुठे आहे ते आधी शोधून ठेवा, आणि सीआर२०३२ सेल जुना असेल तर तो बदलूनच कामाला लागा, नाहीतर पहिल्याच वीजकपातीनंतर सेटिंग उडून यंत्र परत तुमच्या दारात येईल. बायोसमध्ये बसचा पर्यायच नसलेल्या ब्रँडेड बोर्डांवर बीएसईएल पॅडवर चिकटपट्टी लावून काम साधण्याची युक्ती आहे. आपल्या स्वतःच्या यंत्रावर ती खुशाल करा. गिऱ्हाइकाच्या यंत्रावर नको. पट्टी सरकली तर पुढच्या कारागिराला कारण कळत नाही, आणि प्रत्येक प्रयत्नाला प्रोसेसर काढताना सॉकेटच्या पिना वाकण्याची भीती असते.

एच६१वर वेळ घालवू नये. जानेवारी २०११मध्ये आलेल्या सँडी ब्रिजपासून इंटेलने सगळ्या घड्याळांचा उगम एकाच १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकपाशी बांधला. तो चार-पाच टक्क्यांहून जास्त हलवला की साटा, पीसीआय एक्स्प्रेस सगळेच हलते. त्या दोन-चार टक्क्यांसाठी हार्ड डिस्कवरचा डेटा पणाला लावणे हा अपराध आहे, यापेक्षा सौम्य शब्द आमच्याकडे नाही. मल्टिप्लायर मोकळा असलेला आय५-२५००केसुद्धा एच६१वर बांधलेलाच राहतो. त्याला पी६७ किंवा झेड६८ लागतो.

एच८१ आणि बी८५ची कथा निराळी. २०१४ साली पेन्टियम नावाला वीस वर्षे झाली म्हणून इंटेलने जी३२५८ हा मोकळ्या मल्टिप्लायरचा दोन कोअरचा प्रोसेसर काढला, आणि बोर्ड कंपन्यांनी आपल्या स्वस्त बोर्डांवरही त्याला वाढवण्याची सोय बायोसमधून करून दिली. नंतर मायक्रोकोडच्या अपडेटमधून ती वाट बंद होत गेली. स्कायलेकच्या बाबतीत तेच घडले: २०१५च्या अखेरीस नॉन-के प्रोसेसर बेस क्लॉकवर वाढवणारी बायोस आली आणि २०१६च्या सुरुवातीला कंपन्यांना ती मागे घ्यावी लागली. यावरून व्यवहारातली गोष्ट एवढीच की, अशा बोर्डाची चालू बायोस पेनड्राइव्हवर काढून ठेवल्याशिवाय नवी बायोस मारू नका. आणि जी३२५८ कितीही पळवला तरी त्याचे कोअर दोनच राहतात. २०१४मध्येच फार क्राय ४सारख्या खेळाने हायपर-थ्रेडिंग नसलेल्या दोन कोअरच्या यंत्रांना दारातच अडवले होते.

आजच्या घडीला स्वस्त बोर्डावर खरी मोकळीक आहे ती रायझनच्या पहिल्या दोन पिढ्यांत. प्रोसेसर सगळे मोकळे, आणि बी३५०, बी४५०वर वाढवायला परवानगी. ए३२०वर नाही. रायझन ५ १६०० हा ३.२ गिगाहर्ट्झचा, ६५ वॉटचा प्रोसेसर सहाही कोअरवर ३.८पर्यंत नेणे पुष्कळ बोर्डांवर जमते. पण त्याआधी रॅम बघा. या प्रोसेसरमधला आतला दुवा रॅमच्या वेगाने चालतो. २१३३वर रेंगाळणाऱ्या दोन पट्ट्या त्यांच्या कुवतीप्रमाणे २९३३ किंवा ३२००वर नेल्या तर खेळांत जेवढा फरक पडतो, तेवढा दोनशे मेगाहर्ट्झ चढवून पडत नाही. आणि पॉवर सेक्शनवर त्याचा भार नगण्य. बहुतेक ए३२० बोर्डांवरही हे करता येते.

एसएमपीएसबद्दल थोडक्यात. लेबलावरचा मोठा वॉटचा आकडा वाचू नका, १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा. वर ४५० वॉट लिहिले आहे आणि रकान्यात १६ अँपिअर, तर तुमच्या कामाचे १९२ वॉट आहेत, आणि त्यातूनच ग्राफिक्स कार्डलाही द्यायचे आहेत.

आता ऋतूचा मुद्दा. डिसेंबरात पुण्यात २४ अंशांच्या खोलीत स्थिर झालेले यंत्र मे महिन्यात अकोल्यात किंवा जळगावात ४२ अंशांच्या खोलीत चालणार असते. खोलीचे १८ अंश वाढले की आतला प्रत्येक भाग किमान तेवढा चढतो. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मे होते, म्हणजे एका उन्हाळ्यात ते कितीने घटते याचा हिशेब करा. कोकणात आणि गोव्यात उन्हाळा तेवढा कडक नाही, पण दमट खारी हवा आणि तिला चिकटलेली धूळ मॉस्फेटच्या पायांपाशी बसते. म्हणून थंडीत केलेल्या चाचणीवर यंत्र हातावेगळे करू नका. कॅबिनेट बंद करून, खोलीचा पंखा बंद ठेवून प्राइम९५ किंवा ओसीसीटी काही तास चालवा, मेमटेस्टचे पूर्ण फेरे होऊ द्या, आणि मॉस्फेटच्या रीडिंगमध्ये उन्हाळ्याचे अंश मिळवून मगच निर्णय घ्या.

चाचणीबाबत आम्ही हट्टी आहोत याचे कारण हँग होणारे यंत्र नव्हे. ते निदान ओरडून सांगते. काठावर चालणारे यंत्र न ओरडता एखादा बिट चुकवते, आणि ती चूक टॅलीच्या बॅकअपमध्ये, लग्नाच्या व्हिडिओत, सेवा केंद्रातल्या कोणाच्या दाखल्याच्या फाइलमध्ये जाऊन बसते. ती सापडते तेव्हा कोणाला प्रोसेसर आठवत नाही. त्यामुळे हिशेबाचे, कार्यालयाचे, परीक्षा केंद्राचे यंत्र कोणी कितीही आग्रह केला तरी वाढवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशा गिऱ्हाइकाला एसएसडी लावून द्या, रॅमची दुसरी जुळी पट्टी टाकून ड्युअल चॅनल करा, ब्लोअर मारून नवी पेस्ट लावा. त्याला हवा असलेला वेग त्यातच सापडतो. जिथे व्होल्टेज बदलता येते तिथे मूळ वेग कायम ठेवून व्होल्टेज थोडे उतरवून पाहा. वर्गाचे ते गणित या वेळी आपल्या बाजूने काम करते आणि शेवटच्या पायरीवर उभा असलेला बोर्ड एक पायरी खाली येतो. अर्थात चाचणी इथेही तेवढीच कडक हवी, कारण अपुऱ्या व्होल्टेजनेही बिट चुकतो.

एक गोष्ट आपल्या व्यवसायाच्या अब्रूची. नव्वदच्या दशकात कमी वेगाच्या प्रोसेसरवर जास्त वेगाचा शिक्का मारून विकण्याचा धंदा जगभर चालला. मल्टिप्लायरला कुलूप लागले, त्यामागे हेही एक कारण होते. आज शिक्का कोणी मारत नाही, पण वाढवलेले सेकंड हँड यंत्र 'थ्री पॉइंट थ्रीचे आहे' एवढेच सांगून विकले जाते. जात एकच. यंत्र वाढवले असेल तर बिलावर लिहा: मूळ वेग, दिलेला वेग, व्होल्टेज, चाचणी किती तास आणि किती तापमानात. त्याच मजकुराची चिठ्ठी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढे ते यंत्र उघडणारा कारागीर तुमचे आभार मानेल, आणि गिऱ्हाइकाला आपण काय विकत घेतले ते कळेल.

या उन्हाळ्यात वाचकांनी एक काम करावे, अशी आमची विनंती आहे. तुमच्या टेबलावर येणाऱ्या जी३१, जी४१, ७६०जी, बी३५० आणि बी४५० बोर्डांच्या पॉवर सेक्शनचे तापमान मूळ वेगावर, पूर्ण भारात मोजा. बोर्डाचे पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन, प्रोसेसर, कूलरचा प्रकार, मॉस्फेटवर हीट सिंक आहे की नाही, आणि खोलीचे तापमान एवढे सोबत लिहून मे अखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. यंत्राच्या मालकाचे नाव लिहू नका. आलेली सर्व रीडिंग बोर्डवार तक्त्यात मांडून जुलैच्या अंकात छापू.